तक्रार पत्र: विमान ‘पायलट एरर’मुळे पडलेलं नाही

दिनांक: 6 मे 2025
सांगली

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय: 40 अँपिअर ईएससीमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रेडिओ आणि कंट्रोलना वीज देणारा भाग, उडताना बंद पडून माझं रेडिओ कंट्रोलचं मॉडेल विमान कोसळल्याबाबत, आणि त्या मालाची विक्री तातडीने थांबवण्याबाबत

महोदय,

29 एप्रिलला तुमचं तीन ओळींचं उत्तर मिळालं. ‘प्रॉडक्ट टेस्टेड, वर्किंग नॉर्मल. क्रॅश ड्यू टू पायलट एरर. नॉट कव्हर्ड अंडर वॉरंटी.’ हे उत्तर मला मान्य नाही. का नाही ते खाली सविस्तर लिहितो आहे. एकच विनंती, हे पत्र ज्याला सर्किट कळतं अशा माणसाच्या हातात द्या.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या मोटारी भरून देणं हा माझा रोजचा धंदा, त्यामुळे व्होल्ट, अँपिअर आणि उष्णता यांच्याशी माझा जन्माचा संबंध. विमानांचा नाद कॉलेजात एनसीसीच्या एअर विंगमध्ये लागला. तिथे तारेच्या टोकाला गोल फिरणारी कंट्रोल लाइनची मॉडेल उडवली. रेडिओ कंट्रोलची विमानं गेली चौदा वर्षं स्वतः बांधतो आणि उडवतो.

फेब्रुवारीत तुमच्याकडून दोन ईएससी मागवले, एक माझ्या विमानासाठी आणि एक भाच्याच्या फोमच्या विमानासाठी. एकाची किंमत 1,150 रुपये. खोक्यावर आणि तुमच्या पानावर दोन्हीकडे स्पष्ट छापलं आहे: ‘स्विचिंग बीईसी, 5 व्होल्ट, 3 अँपिअर’. मी हाच ईएससी घेतला तो या एका ओळीमुळे. माझ्या विमानात चार मेटल गिअर सर्व्हो आहेत, म्हणजे पंख-शेपटीच्या हलत्या पट्ट्या (कंट्रोल सरफेस) फिरवणाऱ्या छोट्या मोटरी. ते वाऱ्यात सतत हलत राहिले की दोन अँपिअरपर्यंत ओढतात. कमी तापणारा, तीन अँपिअरचा स्विचिंग बीईसी त्यांना पुरेसा होता.

विमान पाच फुटी पंखांचं, बाल्साच्या हलक्या लाकडाचं हाय विंग ट्रेनर, म्हणजे पंख वर असलेलं शिकाऊ विमान. दिवाळीपासून भाचा आणि मी मिळून ते बांधत होतो. तो बारा वर्षांचा आहे. पंखाच्या चोवीस रिब (फासळ्या) त्याने स्वतः प्लॅनवर ठेवून कापल्या, एकत्र टाचण्या टोचून पॉलिशपेपरने एकसारख्या घासल्या. एक रिब अर्धा मिलिमीटर उंच राहिली तर वर ताणलेल्या फिल्मला तिथे उंचवटा येतो, हे त्याला पहिल्या पंखावर कळलं, म्हणून तो पंख सोडून त्याने दुसरा केला. इस्त्रीने फिल्म बसवताना त्याचा अंगठा भाजला तरी त्याने काम सोडलं नाही. उडायला तयार विमानाचं वजन बॅटरीसकट 1 किलो 400 ग्रॅम. सीजी, म्हणजे तोलाचा बिंदू, पंखाच्या पुढच्या कडेपासून 65 मिलिमीटरवर. फुल थ्रॉटलला वॉटमीटरवर 27 अँपिअर, म्हणजे तुमच्या 40 अँपिअरच्या कितीतरी आत.

गुढीपाडव्याला सकाळी पहिलं उड्डाण केलं. वारा नव्हता, चार-चार मिनिटांची तीन उड्डाणं नीट झाली.

रविवारी, 13 एप्रिलला दुपारी चारच्या सुमारास गावाबाहेरच्या माळावर तेच विमान पुन्हा उडवलं. उडवण्याआधी रेंज चेक केला (सिग्नल लांबून पोचतो का ते पाहिलं), कंट्रोल सरफेस तपासले, बॅटरी 12.6 व्होल्ट भरलेली होती. पश्चिमेचा वारा सुटला होता, त्यामुळे एलेरॉन (वळवणाऱ्या, पंखाच्या मागच्या कडेच्या पट्ट्या) एकसारखे हलवावे लागत होते. पाचव्या मिनिटाला, साधारण दीडशे फुटांवर डावीकडे वळवत असताना मोटरचा आवाज एकदम बंद झाला. मी स्टिक उजवीकडे नेली. काहीच झालं नाही. एलेवेटर (नाक वर-खाली करणारी शेपटीची पट्टी) ओढला, तरी काही नाही. एलेरॉन वळणात होते तसेच राहिले आणि विमान त्याच वळणात नाक खाली घालून फिरत फिरत जमिनीवर गेलं. भाच्याच्या मोबाइलवर हा व्हिडिओ आहे. आवाज थांबल्यापासून आदळेपर्यंत सहा सेकंद जातात.

आम्ही धावत पोचलो तेव्हा पंख दोन ठिकाणी मोडला होता, पुढचा भाग फायरवॉलपर्यंत, म्हणजे मोटर बसवलेल्या फळीपर्यंत, चेंगरला होता. बॅटरी मात्र पट्ट्यात तशीच, प्लग जागेवर. आणि रिसिव्हरवरचा (ट्रान्समीटरचा सिग्नल घेणाऱ्या डबीवरचा) दिवा लुकलुकत होता. माझ्या रिसिव्हरची ही खूण आहे. उडताना त्याची वीज एकदा जाऊन परत आली, तर दिवा स्थिर न राहता लुकलुकत राहतो. मी ट्रान्समीटर हलवून पाहिला तर मोडलेल्या पंखातले सर्व्हो हलले. म्हणजे हवेत मेलेलं सगळं जमिनीवर येईपर्यंत पुन्हा जिवंत झालं होतं.

तुमच्या माणसाने फोनवर मला सांगितलं की बॅटरी उतरली असेल, म्हणून ईएससीने मोटर बंद केली. त्याच संध्याकाळी मोजली तेव्हा बॅटरी एका सेलला 3.74 व्होल्ट होती, उतरलेली नव्हती. आणि समजा उतरली असती, तरी ईएससीचा कटऑफ फक्त मोटर थांबवतो. बीईसी चालूच राहतो, सर्व्हो चालूच राहतात, आणि पायलट विमान ग्लाइड करून आरामात उतरवतो. मी स्वतः अनेकदा उतरवलं आहे. मोटर आणि सर्व्हो एकाच क्षणी जातात आणि नंतर रिसिव्हरचा दिवा लुकलुकतो, तेव्हा रिसिव्हरची वीजच गेलेली असते.

म्हणून भाच्यासाठी घेतलेला, अजून न वापरलेला दुसरा ईएससी मी दुकानातल्या टेबलावर घेतला. वरची प्लॅस्टिकची श्रिंक ब्लेडने कापली. आत स्विचिंग बीईसी नाही. स्विचिंगला कॉइल लागते, ती कुठेच नाही. एका ओळीत तीन छोटे रेग्युलेटर आहेत, भिंगातून त्यांच्यावर 78एम05 वाचता येतं. हा साधा लिनिअर रेग्युलेटर, एकाची क्षमता अर्धा अँपिअर. तीन मिळून दीड अँपिअर, तेही उष्णता बाहेर जायला नीट वाट असेल तर. खोक्यावर मात्र तीन छापले आहेत.

लिनिअर रेग्युलेटर जास्तीचं व्होल्टेज उष्णतेच्या रूपाने जाळून टाकतो. बॅटरी 12.6 व्होल्टची, सर्व्होंना लागतात 5, म्हणजे 7.6 व्होल्ट जाळायचे. दोन अँपिअरला ते 15 वॉट होतात. दुकानातला बारीक सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचा आहे. त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता काडेपेटीएवढ्या पट्टीत, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, बाल्साच्या बंद पोटात ठेवायची, असा हा प्रकार झाला.

मग लोड लावला. 10 ओहमच्या चार पांढऱ्या सिमेंटच्या रेझिस्टन्स पॅरलल जोडल्या की अडीच ओहम होतात, 5 व्होल्टला बरोबर दोन अँपिअर. सुरुवातीला मीटरवर 4.8 व्होल्ट आले. 70 सेकंदांनी काटा पडायला लागला आणि बघता बघता एक व्होल्टच्या खाली गेला. तेव्हा तापमान 118 अंश. लोड काढून गार होऊ दिला, तर पुन्हा पाच व्होल्ट, जणू काही झालंच नाही. उडताना वारा लागतो असं तुम्ही म्हणाल म्हणून तोच प्रयोग टेबल फॅनसमोर ठेवून केला. तेव्हा 2 मिनिटं 50 सेकंद टिकला आणि तसाच बंद पडला. रेग्युलेटर फार तापला की स्वतःला वाचवायला बंद होतो, गार झाला की परत सुरू होतो. म्हणूनच तुमच्या टेबलावर तो ‘वर्किंग नॉर्मल’ निघाला. तुम्ही त्याच्यावर किती अँपिअरचा लोड किती वेळ ठेवला होता, हे मला लेखी कळवा. माझ्याकडे जळालेली मोटार आली तर शेतकऱ्यासमोर उघडून, कुठलं कॉइल कशाने गेलं ते त्याला दाखवतो. तेवढीच अपेक्षा मी तुमच्याकडून ठेवतो आहे.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. त्या दिवशी शेळ्या राखणारी दोन मुलं विमान बघायला थांबली होती. विमान त्यांच्यापासून चाळीस पावलांवर पडलं. मी त्यांना लांब उभं केलं होतं, पण वारा थोडा वेगळा असता तर ते अंतर पुरलं नसतं. दीडशे फुटांवरून दीड किलोचं लाकूड आणि लिथियम बॅटरी पोराच्या डोक्यात बसली असती, तर ‘पायलट एरर’ लिहून ते मिटलं नसतं. त्या रात्री मला झोप लागली नाही. हाच माल तुमच्या पानावर आजही त्याच छापील ओळीसकट विकला जातो आहे, आणि घेणारे बरेचसे माझ्या भाच्याच्या वयाची, पहिलं विमान बांधणारी मुलं आहेत.

त्यामुळे माझ्या मागण्या अशा. या ईएससीची विक्री आज थांबवा आणि पानावरचं ‘स्विचिंग, 3 अँपिअर’ काढा. ज्यांनी तो घेतला आहे त्या प्रत्येकाला ईमेल किंवा फोन करून सांगा, की ईएससीच्या थ्रॉटलच्या वायरीतली लाल वायर कनेक्टरमधून काढून टेप लावा आणि रिसिव्हरला वेगळा यूबीईसी (बाहेरून जोडायचा स्वतंत्र बीईसी) द्या, किंवा ईएससी परत करा. हे काम माझ्या पैशांच्या आधी व्हायला हवं. त्यानंतर दोन ईएससीचे 2,300 रुपये आणि मोडलेल्या विमानाचं साहित्य, म्हणजे बाल्सा, फिल्म, मोटर आणि दोन सर्व्हो मिळून 6,840 रुपये परत मिळावेत. बिलं जोडली आहेत. चार महिन्यांच्या मेहनतीचे पैसे मी मागत नाही.

माझी पहिली तक्रार 14 एप्रिलची आहे. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एक महिन्यात व्हायला हवं. पोच मला सहाव्या दिवशी मिळाली. 14 मेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करेन आणि 2019 च्या कायद्याप्रमाणे सांगलीच्याच जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन.

सोबत व्हिडिओ, उघडलेल्या ईएससीचे फोटो, दोन्ही लोड टेस्टचे फोटो आणि बिलांच्या प्रती पाठवत आहे. मोडलेलं विमान आणि दोन्ही ईएससी दुकानात जपून ठेवले आहेत. तुमचा माणूस कधीही येऊ दे, त्याच्यासमोर पुन्हा टेस्ट लावून दाखवेन, अर्ध्या तासाचं काम आहे. माझ्या मीटरवर विश्वास नसेल तर त्याने स्वतःचा आणावा.

आपला ग्राहक
(नाव व पत्ता ऑर्डरवर नोंदलेला आहे)