जवळची गावे आणि तुझा नवा कॅमेरा

सातारा

चि. अनिकेत यास आईचे अनेक उत्तम आशीर्वाद.

नव्या कॅमेऱ्याने काढलेले तुझे फोटो पोहोचले आणि सोबतचा मजकूरही वाचला. दिवाळीच्या सुट्टीत लडाखला जावे की राजस्थानला, असे तू विचारले आहेस. त्याचे कारण म्हणून लिहिले आहेस की, पुण्याच्या आसपास फोटो काढण्यासारखे आता काही उरलेले नाही. लडाखबद्दल मला काहीच म्हणायचे नाही, तिकडे तू अवश्य जा. तुझ्या त्या दुसऱ्या वाक्याला मात्र फोनवर दोन मिनिटांत उत्तर देता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझ्या मते कॅमेरा शिकावा तो एस. टी.ने तासाभरात पोहोचता येईल अशा गावात, आणि त्याच गावात पुन्हा पुन्हा जाऊन. दूरच्या ठिकाणी आपल्याला एका दिवसाचा एक प्रकाश मिळतो आणि तो जसा असेल तसा पदरात घेऊन परत यावे लागते. जवळच्या गावात आज ढग आले तर पुढच्या आठवड्यात जाता येते, चैत्रात पाहिलेला घाट श्रावणात पाहता येतो, आणि एखादी भिंत अमुक अशीच का बांधली आहे, हे कळेपर्यंत तिच्यासमोर उभे राहण्याची सवड असते.

वाईचेच उदाहरण घे. ढोल्या गणपतीच्या देवळासमोर येणारा प्रत्येक जण दर्शन घेतो, समोरून एक फोटो काढतो आणि पुढे मेणवलीकडे जातो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये हे देऊळ बांधले आणि त्यातली भव्य मूर्ती एकाच दगडातली आहे, एवढे सगळेच सांगतात. देवळाची मागची बाजू मात्र फार थोडे लोक पाहतात. ती भिंत सरळ नाही, तिला माशासारखे निमुळते टोक दिलेले आहे. उन्हाळ्यात कृष्णेचे पाणी आटलेले असताना ती नुसती जाड आणि विचित्र आकाराची भिंत वाटते. पावसाळ्यात पाणी पायऱ्या चढून वर आले म्हणजे तोच आकार कामाला लागतो. गढूळ लोंढा त्या टोकावर येतो, दोन्ही अंगांनी फुटतो आणि देवळाला वळसा घालून पुढे निघून जातो. अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी ज्या कारागिरांनी पुराचा हा विचार केला, त्यांची बुद्धी त्या एका फोटोत दिसते. पण तो फोटो पुराच्या दिवशी पुलावर किंवा उंच जागी उभे राहणाऱ्यालाच मिळतो, आणि पुराच्या दिवशी वाईत पोहोचणे साताऱ्याच्या माणसाला शक्य असते, मुंबईच्या पर्यटकाला नसते. पाणी चढलेले असताना घाटावर उतरायचे नाही, हे तुला आई म्हणून वेगळे सांगून ठेवते.

याच काळ्या दगडावर तुझा कॅमेरा शिकून घे. तू पाठवलेल्या फोटोंपैकी देवळाच्या फोटोत दगड राखाडी आणि उडालेला दिसतो आहे. त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही. समोर जे काही असेल ते मध्यम करड्या रंगाचे आहे, असे धरून आतला मीटर प्रकाश मोजतो. म्हणून काळा बेसाल्ट समोर आला की तो जास्त प्रकाश आत घेतो आणि पांढरी चुनेगच्ची भिंत आली की कमी घेतो. दगडासाठी एक्स्पोजर, म्हणजे आत घ्यायचा प्रकाश, दोन-तीन खुणा उणे कर आणि मग पाहा. ढोल्या गणपतीच्या शेजारीच काशीविश्वेश्वराचे देऊळ आहे, आनंदराव भिकाजी रास्त्यांनी १७५७ मध्ये बांधलेले. तिथला नंदी काळ्या दगडाचा असून इतका घोटलेला आहे की त्याच्या पाठीवर आकाशाचा तुकडा चमकतो. ती चमक आणि दगडाचा काळेपणा ज्या दिवशी तुला एकाच फोटोत सांभाळता येतील, त्या दिवशी मीटर तुला समजला असे मी म्हणेन.

देवळे मात्र वाईचा एक भाग झाला. माघ-फाल्गुनात आसपासच्या शेतांत हळद निघते, तेव्हा गावाबाहेर थोडे चालत जा. ओली हळकुंडे शिजवून खळ्यावर पसरलेली असतात, वाफेला मातीचा आणि कडवट असा मिळून एक वास असतो, आणि वाळलेली हळकुंडे पिंपात घोळून त्यांची साले काढण्याचे काम चालू असते. तिथल्या एका बाईंच्या हातांचा मी काढलेला फोटो तू घरी पाहिला आहेस. नखांच्या कडांना पिवळी रेघ, तळहाताच्या भेगांत गडद नारिंगी रंग आणि मनगटावरच्या हिरव्या बांगड्यांवर पिवळी भुकटी. त्या फोटोत त्यांचा चेहरा नाही, कारण चेहरा घ्यायचा नाही असे त्यांनी सांगितले होते आणि हात घ्यायला परवानगी दिली होती. परवानगी जेवढी मिळाली तेवढ्यातच फोटो शोधायचा, हा नियम तू पाळावास असे मला मनापासून वाटते. नदीवर आंघोळ करणारी माणसे, धुणे धुणाऱ्या बाया, एकटी खेळणारी मुले यांच्यावर लांबून लेन्स रोखणे मला मुळीच पसंत नाही. जवळ जावे, नमस्कार करावा, कुठून आलो ते सांगावे. निम्म्या वेळा लोक नाही म्हणत नाहीत, आणि म्हणाले तर चहा तरी पाजतात.

मेणवली वाईपासून तीनेक किलोमीटरवर आहे आणि तिथे चालतच जावे, असा माझा आग्रह आहे. नाना फडणविसांचा वाडा आणि त्यामागचा चंद्रकोरीसारखा घाट यांचे फोटो तू सगळीकडे पाहिले असशील. घाटावर मेणेश्वराच्या देवळाजवळ एका छोट्या घुमटीत एक मोठी घंटा टांगलेली आहे, तिच्याजवळ जास्त वेळ थांब. ती पोर्तुगीज घंटा आहे. चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेनंतर, म्हणजे १७३९ च्या विजयानंतर, मराठ्यांनी तिकडच्या चर्चमधून ज्या घंटा आणल्या त्यांपैकी ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला कडेवर घेतलेल्या मेरीची उठावाची आकृती आहे. कृष्णेच्या काठी, शंकराच्या देवळाशेजारी ती इतकी वर्षे टांगलेली आहे. समोरून फ्लॅश टाकलास तर ती आकृती धातूत बुडून जाईल आणि हाती काही लागणार नाही. उन्हाची तिरीप बाजूने येईपर्यंत थांबलास तर उठावाच्या एका कडेला उजेड आणि दुसरीला सावली पडते, आणि मग मेरीच्या वस्त्राची चुणीसुद्धा मोजता येते. नाणी, शिलालेख, वीरगळ, सगळ्यांना हीच युक्ती लागू आहे.

सकाळ-संध्याकाळचा प्रकाश चांगला आणि भर दुपारचा वाईट, असे तू कुठेतरी वाचलेले दिसते. ते पुष्कळदा खरे असते, पण लिंबच्या बारा मोटांच्या विहिरीला ते लागू पडत नाही. पुण्याहून येताना साताऱ्याच्या अलीकडे महामार्ग सोडून आत वळले की लिंब लागते. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाईंनी ही विहीर बांधून घेतली. ती अष्टकोनी आहे, सुमारे ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल. एका वेळी बारा मोटा चालाव्यात अशी दगडी थारोळी, म्हणजे मोटेचे पाणी पडण्याच्या जागा, वर बांधलेली आहेत आणि विहिरीच्या पोटात चक्क एक महाल आहे. पायऱ्या उतरून कमानीखाली गेलास की डोळे सरावायला वेळ लागतो. तिथे कॅमेरा लगेच उचलू नकोस. आधी खांबांवरचे कोरीव काम बोटांनी नव्हे, डोळ्यांनी वाच. आत काळोख आणि कमानीबाहेर रखरखीत ऊन, असा तो प्रसंग असतो. अशा वेळी उजेडाप्रमाणे एक्स्पोजर ठरव, कारण काळोखातले थोडेफार नंतर वर आणता येते, पांढरे फटक पडलेले आकाश कधीच परत येत नाही.

आणि आता दुपारचे सांगते. आपल्या अक्षांशावर मे महिन्याच्या पूर्वार्धात एक दिवस सूर्य मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो, ज्याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात. त्या आसपासच्या दिवसांत दुपारी साडेबाराच्या सुमारास ऊन विहिरीत सरळ खाली उतरते आणि पाण्याला टेकते. डिसेंबरात तेच ऊन वरच्या थरांवरच अडते आणि पाणी दिवसभर सावलीत राहते. म्हणजे त्या विहिरीचा तळ उजळलेला पाहायचा तर वर्षातले थोडेच दिवस आणि त्या दिवसांतली थोडीच मिनिटे आहेत, आणि तीही ऐन उन्हाळ्यातल्या दुपारी, जेव्हा कोणी फोटो काढायला बाहेर पडत नाही. ऑगस्टच्या सुरुवातीस सूर्य पुन्हा डोक्यावर येतो, पण तेव्हा आपल्याकडे ढग असतात.

माझ्या लहानपणी घरी आग्फा क्लिक-थ्री होता. एका रोलमध्ये बारा फोटो निघत, आणि रोल धुवायला टाकायचा तर पैसे साठवावे लागत, त्यामुळे बटण दाबण्याआधी थांबण्याची सवय आपोआप लागली. तुझ्या कार्डात हजारो फोटो मावतात, त्याचा तू आनंदच घे. फक्त घरी येऊन त्यांतले बारा निवडत जा आणि ते छापून घे.

छापून घे, हे मी अगदी आग्रहाने लिहीत आहे, कारण या भटकंतीत मला जे खरे मिळाले ते छापील फोटो परत नेऊन देण्यातून मिळाले. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, संगम माहुलीला, विश्वेश्वराच्या देवळाजवळ बसलेल्या एका आजींचा मी फोटो काढला होता. पुढच्या खेपेला तो पाच बाय सात आकारात छापून नेला, तर त्यांनी स्वतःच्या चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. त्या म्हणाल्या, "माझं तोंड मला ठावं हाय. ही मागची ओवरी दिसतीया न्हवं, लगीन झाल्यावर पाया पडाय आलो तवा आमची पंगत हितंच बसली हुती." मग त्यांनी मला हात धरून त्या ओवरीत नेले, पूर्वी पाणी कुठपर्यंत यायचे, तुळशीवृंदावन कुठे होते आणि कुठला दगड कधी ढासळला, ते सगळे दाखवले. त्यानंतर माहुलीत मी जे फोटो काढले ते त्यांनी दाखवलेल्या जागांचे आहेत. फोटो न देता परतले असते, तर यातले एकही ठिकाण मला दिसले नसते.

आता तुझ्या पुण्याबद्दल. पहाटेची एस. टी. पकडून दिवे घाटाने सासवडला जा. कऱ्हाकाठचे संगमेश्वराचे देऊळ आणि पलीकडचे चांगवटेश्वर यांना निदान एक अख्खी सकाळ दे. सोपानदेवांच्या समाधीचे दर्शन घे आणि पुरंदऱ्यांच्या वाड्याची तटबंदी बाहेरून नीट पाहा. सीताफळांचा हंगाम असेल तर आधी बाजारात जा, कारण पाट्यांवरचा तो कोवळा उजेड आठ वाजल्यानंतर राहत नाही. पस्तीस मिलिमीटरची एकच लेन्स घे. झूम नको, पायांनी पुढे-मागे हो.

आणखी एक काम मी तुझ्याकडून मागते आहे. वाईत, सासवडात, भोरमध्ये जुने वाडे झपाट्याने उतरवले जात आहेत. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. वाटण्या झालेल्या असतात, गळके छप्पर परवडत नाही. परंतु दिंडी दरवाजा, देवडी, गणेशपट्टी, चौकातला आड, माडीचा कोरलेला सज्जा, हे सारे एकदा पाडले की त्याची नोंद कुठेच राहत नाही. मालकांना विचारून असे जे दिसेल ते सुंदर फोटोसाठी नव्हे, नोंदीसाठी काढ. समोरून सरळ, कडा उभ्या, मापासाठी शेजारी कोणीतरी उभे असलेले. प्रत्येक फोटोखाली गाव, आळी, तारीख आणि सांगणाऱ्याने सांगितलेली माहिती त्याच रात्री लिही. गावाबाहेरचा कितीही मोठा छायाचित्रकार हे काम करायला येणार नाही. ते जवळ राहणाऱ्यानेच करायचे आहे.

माघात कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो आणि वाईतले घाट एकामागून एक आपापला उत्सव करतात. भीमकुंड आळी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, प्रत्येकीचे दिवस वेगळे असतात, ते मी विचारून कळवते. त्यातले दोन दिवस रजा काढून ये. कॅमेऱ्याचे तिकाटणे (ट्रायपॉड) आणू नकोस, गर्दीत लोकांच्या पायात येते. जादा बॅटरी मात्र आण. आणि सासवडचे फोटो त्याआधी छापून पाठव, वेळ काढून एकेक पाहीन आणि मागे शेरे लिहून परत करीन.

बाबांचा आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझी,
आई