सर्दीच्या चिठ्ठीवर सहा औषधे

चि. मृण्मयी हिस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले औषधांच्या चिठ्ठीचे छायाचित्र मी मोठे करून नीट वाचले. चार दिवसांची सर्दी, घशात खवखव आणि अंगात कसकस, एवढ्यावर डॉक्टरांनी ॲझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक (अँटिबायोटिक), तापाची गोळी, सर्दीची संयुक्त गोळी, पाच दिवसांचे स्टेरॉइड, खोकल्याचे पातळ औषध आणि ‘पोटाला त्रास नको म्हणून’ आम्ल कमी करणारी कॅप्सूल असे सहा जिन्नस लिहून दिले आहेत. तापाच्या गोळीखेरीज अजून काही सुरू केलेले नाही हे बरे झाले. औषधशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली असली तरी मी डॉक्टर नव्हे आणि इतक्या लांबून तुला तपासूही शकत नाही. म्हणून काय घे आणि काय टाकून दे असे या पत्रात सांगणार नाही. काय विचारायचे ते मात्र सांगू शकते.

‘इथले डॉक्टर असेच असतात का?’ या तुझ्या प्रश्नाचे उत्तर सरळ हो किंवा नाही असे देता येत नाही. परदेशी स्थायिक झालेली माणसे एकत्र जमली की डॉक्टरांविषयी दोन तक्रारी हमखास निघतात. पहिली अशी, की हे लोक काही देतच नाहीत, पॅरासिटामॉल घ्या आणि पडून राहा म्हणतात. दुसरी नेमकी उलट, की साध्या पडशाला पिशवी भरून औषधे देतात. युरोपात प्रतिजैविके सर्वांत कमी वापरणाऱ्या देशांत नेदरलँड्सची गणना होते, आणि तिथे राहायला गेलेल्या परदेशी लोकांची पहिली तक्रार जवळजवळ ठरलेली असते. गंमत म्हणजे एकच माणूस देश बदलला की तक्रारही बदलतो. विषाणू तोच असतो. आपल्याला ज्या प्रमाणात औषधे घेण्याची सवय झालेली असते त्याहून कमी मिळाली की हयगय वाटते आणि जास्त मिळाली की लूट वाटते. चांगला डॉक्टर ओळखायला हे माप कामाचे नाही.

परक्या देशातील रुग्णाला जास्त औषधे का मिळतात याची कारणे बरीचशी त्या भेटीतच दडलेली असतात. डॉक्टरांना तुझा पूर्वेतिहास माहीत नसतो, तू पुन्हा येशील याची खात्री नसते, भाषा दोघांचीही अडखळत असते आणि बाहेर रांग असते. अशा वेळी ‘हे आपोआप बरे होईल, मात्र अमुक झाले तर परत या’ हे समजावून सांगण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे कमी वेळाचे आणि कमी जोखमीचे वाटते. शिवाय रुग्णाला प्रतिजैविक हवेच आहे असा डॉक्टरांचा समज झाला की ते लिहून दिले जाण्याची शक्यता वाढते, मग रुग्णाला ते खरोखर हवे असो वा नसो. ‘लवकर बरे व्हायचे आहे, सोमवारी कामावर जायचे आहे’ हे आपले निरुपद्रवी वाक्यही तशी मागणी म्हणून ऐकले जाऊ शकते. काही ठिकाणी डॉक्टर स्वतःच औषधे विकतात, आणि तेथे उत्पन्नाचा प्रश्नही येतो. दक्षिण कोरियाने 2000 मध्ये औषध लिहिणे आणि औषध विकणे ही कामे कायद्याने वेगळी केली, आणि त्यानंतर विषाणूजन्य आजारांसाठी लिहून दिल्या जाणाऱ्या प्रतिजैविकांचे प्रमाण घटले. अगदी थांबले नाही, पण घटले. यावरून पैसा हे एक कारण असते, एकमेव नसते, एवढे म्हणता येते.

आता चिठ्ठीकडे वळू. ॲझिथ्रोमायसिन जीवाणूंवर चालते, विषाणूंवर नाही, आणि सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळेच होते. नाकातला स्राव पिवळा किंवा हिरवा झाला म्हणजे जीवाणूंचा संसर्ग झाला असेही नव्हे. तो रंग शरीरातील पांढऱ्या पेशींमुळे येतो. घसा जीवाणूंमुळे दुखत असेल तर प्रतिजैविकाला अर्थ आहे, पण ती शंका घशातील स्राव तपासून दूर करता येते, आणि तुझी तशी तपासणी झालेली दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 पासून प्रतिजैविकांचे तीन गट पाडले आहेत: सर्रास वापरता येतील अशी, जपून वापरावीत अशी आणि अगदी अखेरच्या प्रसंगासाठी राखून ठेवावीत अशी. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे. ॲझिथ्रोमायसिन, सेफिक्झाइम, लेव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्या गटात आहेत, आणि सर्दी-खोकल्याच्या चिठ्ठ्यांवर जगभर पुष्कळदा हीच नावे दिसतात. यांपैकी लेव्होफ्लॉक्सासिन ज्या कुळातले आहे त्या औषधांवर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये स्नायुबंध तुटण्याच्या धोक्याचा ठळक इशारा छापायला लावला होता. ते नाव पुढे कधी सर्दीच्या चिठ्ठीवर आले तर तिथल्या तिथे प्रश्न विचार.

तापाची गोळी आणि सर्दीची संयुक्त गोळी यांची पाकिटे शेजारी ठेवून वाच, कारण मला सर्वांत जास्त काळजी या जोडीची वाटते. संयुक्त गोळीत 500 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल आहे आणि तापाची गोळी 1000 मिलिग्रॅमची आहे. दोन्ही दिवसातून तीनदा घेतल्या तर बेरीज 4.5 ग्रॅम होते, आणि प्रौढ माणसाची चोवीस तासांची कमाल मर्यादा 4 ग्रॅम आहे. ती ओलांडण्याने यकृताला इजा होऊ शकते. परदेशात ही चूक अधिक सहज घडते, कारण अमेरिकेसारख्या ठिकाणी हेच द्रव्य ॲसिटॅमिनोफेन या नावाने विकले जाते. त्याच संयुक्त गोळीत नाक मोकळे करण्यासाठी फेनिलेफ्रिन आहे. तोंडावाटे घेतलेले फेनिलेफ्रिन नेहमीच्या मात्रेत परिणामकारक नाही, असे मत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने दिले आहे. स्टेरॉइडने एक-दोन दिवस तरतरी वाटेल, झोप उडेल आणि सर्दी आपल्या गतीनेच जाईल. दम्यासाठी ते दिले असते तर समजले असते, पण तुला दमा नाही, तेव्हा ते कशासाठी आहे हे विचारायलाच हवे. आम्ल कमी करणारी कॅप्सूल तर आजारासाठी नसून बाकीच्या औषधांसाठी आहे. ती औषधे कमी झाली की तिचेही काम राहणार नाही. खोकल्याच्या औषधाविषयी फारसे बोलण्यासारखे नाही. खोकला आठवड्यात जाईल अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो सरासरी अडीच आठवडे रेंगाळतो, आणि दहाव्या दिवशी माणसे धीर सोडून दुसऱ्या डॉक्टरकडे जातात ती त्यामुळेच.

एका देशात सर्रास मिळणारे औषध दुसऱ्या देशात बाजारातच नसते, याचे एक उदाहरण तुला ठाऊक असावे. ॲनाल्जिन म्हणूनही ओळखले जाणारे मेटामिझोल हे वेदनाशामक स्पेनमध्ये आणि जर्मनीत वापरले जाते. ब्रिटन आणि अमेरिकेत ते विकले जात नाही. क्वचित काही रुग्णांत त्याने रक्तातील पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत घसरतात. स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश लोकांत असे प्रकार घडल्याच्या तक्रारींनंतर तेथील औषध यंत्रणेने 2018 मध्ये डॉक्टरांना सूचना दिली, की ज्यांच्यावर पुढे लक्ष ठेवता येणार नाही अशा तात्पुरत्या मुक्कामाच्या लोकांना हे औषध देऊ नये. मला ही सूचना फार शहाणपणाची वाटते, कारण तिने औषधाइतकाच रुग्णाच्या परिस्थितीचाही विचार केला आहे.

तर उद्या दवाखान्यात फोन कर आणि प्रत्येक औषधाबाबत एवढेच विचार: हे कोणत्या लक्षणासाठी आहे, आणि मी ते दोन-तीन दिवस थांबून घेतले तर काय बिघडेल? शक्य असेल तर हे प्रश्न त्यांच्या भाषेत लिहून पाठव. फोनवर अडखळण्यापेक्षा ते बरे. ‘मला प्रतिजैविकच हवे असे नाही, गरज नसेल तर वाट पाहायची माझी तयारी आहे’ हेही स्पष्ट सांग. पुष्कळ डॉक्टरांना हे ऐकून सुटल्यासारखे वाटते. ब्रिटनमध्ये तर आजच लिहून दिलेली पण लक्षणे वाढली तरच वापरायची अशी चिठ्ठी देण्याची पद्धत रूढ आहे, आणि तसे काही जमेल का असे तूही विचारू शकतेस. उत्तर पटण्यासारखे मिळाले, तर ते औषध निमूटपणे आणि सांगितल्याप्रमाणे घे. एकदा सुरू केलेले प्रतिजैविक बरे वाटले म्हणून स्वतःच्या मनाने मध्येच बंद करू नकोस. थांबवायचे असेल तर तेही त्यांनाच विचारून.

या सगळ्याचा उलटा अर्थ मात्र काढू नकोस. औषधे नको म्हणणाऱ्या लोकांचा एक वेगळा अहंकार असतो आणि तोही मला आवडत नाही. धाप लागली, छातीत दुखू लागले, थुंकीतून रक्त आले, मान आखडली, पाणीही पोटात ठरेना किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. हिवताप असलेल्या भागात जाऊन आल्यानंतर आलेला कोणताही ताप ‘सर्दीचाच असेल’ असे म्हणत अंगावर काढायचा नाही, लगेच रक्त तपासायचे. डेंग्यूची शंका असेल तेव्हा आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन टाळायचे, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

ॲझिथ्रोमायसिनची गरज नाही असे ठरले, तर ते पाकीट पुढच्या सर्दीसाठी कपाटात ठेवू नकोस आणि बरोबर राहणाऱ्या मैत्रिणींनाही देऊ नकोस. औषधांचे दुकान न वापरलेली औषधे परत घेते का ते विचार. पेनिसिलिनने तुझ्या अंगावर लहानपणी पुरळ उठले होते, हे डॉक्टरांना सांगितलेस की नाही ते तू लिहिलेले नाहीस. सांगितले नसेल, तर उद्याच्या फोनमध्ये ते सर्वांत आधी सांग, आणि ते काय म्हणाले ते मला संध्याकाळी कळव.

तुझी,
आई