बोनस कापला तो कुठल्या शिस्तीत?

संपादक महोदय,

कालच्या अंकातला आणीबाणीवरचा लेख वाचला आणि दुपारची झोपच उडाली. लोकल वेळेवर, कारखान्यात संप नाही, कामगार मुकाट्याने काम करत होते म्हणे. मुकाट्यानेच करत होते हो, तोंड उघडणाऱ्याला मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय आत टाकणाऱ्या कायद्याखाली, उचलत होते! आणि लोकलचं म्हणाल तर मे १९७४ चा रेल्वे संप मोडून हजारोंना कामावरून काढलेलं, मग बाकीचे कशाला आवाज करतायत.

लेखक तेव्हा कुठे होते माहीत नाही, मी वागळे इस्टेटमधे एका कारखान्यात फिटर होतो. सप्टेंबर १९७५ मधे सरकारने वटहुकूम काढून किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आणला. ८.३३ म्हणजे वर्षाला एक पगार, वाण्याची उधारी त्याच्यावरच फिटायची. दिवाळीआधी खिडकीवर लाइन लागली, आमचा कॅशिअर एरवी सगळ्यांची टर उडवणारा माणूस, त्या दिवशी मान वर करेना, पाकीट सरकवायचा आणि रजिस्टरवर बोट ठेवायचा, सही इथे. पाकिटात निम्मे पण नाहीत. एरवी अर्ध्या तासात गेट मीटिंग झाली असती, पण युनियनचे सेक्रेटरी आधीच आत आणि गेटवर बोर्ड ‘बातें कम, काम ज्यादा’. सगळ्यांनी गुपचूप सह्या केल्या. भाऊबीजेला बहिणीला साडी कबूल केली होती, ब्लाउजपीसवर भागवलं, ती अजून टोमणे मारते.

संप नव्हते हे लिहिलंत ते ठीक, पण मालकांची टाळेबंदी आणि ले-ऑफ चालूच होते ते का नाही लिहिलं? आणि संपाची बातमी सेन्सॉरने छापू दिली असती का, हे तर तुमच्याच धंद्यातलं, मी काय सांगणार. ८.३३ परत मिळाले ते १९७७ ला सरकार गेल्यावर, शिस्तीमुळे नाही.

जाता जाता एक. ईपीएस ची, म्हणजे आम्हा पीएफवाल्या कामगारांच्या पेन्शन योजनेची, किमान पेन्शन २०१४ पासून हजार रुपयेच आहे, त्यात महिन्याच्या गोळ्या पण येत नाहीत. त्यावर अर्धं पान काढा की कधीतरी, फक्त लिहायला हेच साहेब नकोत.

– एक निवृत्त फिटर, किसननगर, ठाणे