कर्ज घ्यायलाही आत्मविश्वास लागतो

महोदय,

करोनाकाळात छोट्या व्यावसायिकांचे किती नुकसान झाले, याचा हिशेब अधूनमधून मांडला जातो. त्यांचा स्वतःवरचा विश्वास किती खचला, हे मात्र कोणत्याच खतावणीत सापडत नाही. सोलापुरात माझा लग्नपत्रिकांचा छोटा छापखाना आहे. २५ मार्च २०२० रोजी, ऐन गुढीपाडव्याला, देशभर टाळेबंदी सुरू झाली तेव्हा एप्रिल-मेच्या मुहूर्तांच्या छापून तयार पत्रिकांचे गठ्ठे सुतळीने बांधून फळीवर ठेवलेले होते. ते न्यायला कोणी आले नाही. काहींनी ॲडव्हान्स परत मागितला, आणि त्यांचे काही चुकले असे मला आजही वाटत नाही.

जूनमध्ये सम-विषम पद्धतीने दिवसाआड दुकान उघडता येऊ लागले. पण लग्नाला ५० माणसांची मर्यादा असताना छापील पत्रिका हवी कोणाला? रोलरवरची शाई वाळू नये म्हणून मी यंत्रावर नुसतीच रद्दी फिरवीत असे. शेजारचे औषधाचे दुकान ‘अत्यावश्यक’ म्हणून रोज उघडे दिसे, तेव्हा आपले इतक्या वर्षांचे काम कधी कोणाला खरोखर लागत होते का, अशी शंका मनात येई. कागदाच्या व्यापाऱ्याची बाकी थकली होती, म्हणून त्याच्या गल्लीतून जाणेही मी टाळू लागलो.

सरकारने मदत केली नाही, असे मी म्हणणार नाही. ऑगस्टअखेरपर्यंत हप्त्यांना सवलत होती (व्याज चढतच होते, ही गोष्ट वेगळी) आणि आधीच्या कर्जबाकीच्या २० टक्क्यांपर्यंत विनातारण जादा कर्जही मिळत होते. मी ते घेतले नाही, कारण उद्या गिऱ्हाईक येईल अशी खात्री असलेला माणूसच नव्या कर्जाच्या कागदांवर सही करतो, आणि ती खात्री माझ्यापाशी उरली नव्हती. ती थोडीफार परत आली ती एका किराणा दुकानदारामुळे. ‘मास्क नाही, तर प्रवेश नाही’ असे शंभर स्टिकर त्याने छापून घेतले. त्यात सुटलेले पैसे सांगण्यासारखे नाहीत, पण त्या रात्री मला झोप लागली.

पुढे ५ एप्रिल २०२१च्या रात्रीपासून पुन्हा दुकाने बंद झाली. आधी ३० एप्रिल, मग १५ मे, मग १ जून अशी तारीख सरकत गेली आणि लग्नांवर २५ माणसे व दोन तास अशी अट आली. निर्बंध गरजेचे होते, याबद्दल वाद नाही. परंतु दुकान कधी उघडेल हेच ठाऊक नसेल, तर कामगाराला थांब म्हणावे की गावी जा म्हणावे, हे मालकाला ठरवता येत नाही. पुन्हा अशी साथ आली, तर कोणत्या स्थितीत कोणती दुकाने उघडणार, याचे निकष शासनाने पहिल्याच आदेशात जाहीर करावेत, आणि ते ठरवताना मोठ्या व्यापारी संघटनांबरोबर आमच्यासारख्या एक-दोन कामगारांच्या व्यावसायिकांनाही बोलवावे.

— एक मुद्रण व्यावसायिक, सोलापूर