विल्यम्सबर्गच्या गाइडबाईंना

नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं. अमेरिकेतल्या तुमच्या त्या जुन्या गावात, जुलैतल्या उकाड्यात गुडघा धरून बाकावर बसलेली, साडी नेसलेली बाई आठवते का? ती मी. आमचा घोळका पुढे निघून गेला आणि तुम्ही, काम संपलेलं असताना, घरी जायचं सोडून तासभर माझ्याशेजारी बसलात. हे पत्र माझी लेक इंग्रजी करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे.

टॅव्हर्न म्हणजे गुत्ता, एवढंच मला ठाऊक. समोर दिसत होती ती अठराव्या शतकातल्या क्रिस्टियाना कॅम्पबेलची टॅव्हर्न. (मूळची जळाली, ही विसाव्या शतकात पुन्हा उभारलेली, हेही तुम्ही लपवलं नाहीत.) पिणं, जेवण, मुक्काम, घोड्यांची सोय, पत्त्यांचे डाव, राजकारण, सगळं तिथेच. औषधं विकणारा नवरा वारला, पदरात दोन मुली, म्हणून बाई विल्यम्सबर्गला परतली आणि वडिलांचाच धंदा तिने धरला. लग्न झालेल्या बाईला तेव्हाच्या व्हर्जिनियात स्वतःच्या नावाने करार करता येत नसे. विधवेला मात्र परवानाही मिळे आणि उधारी बुडवणाऱ्याला कोर्टात खेचताही येई. आलवणातल्या आज्यांच्या गोष्टी ऐकत वाढलेली मी. वैधव्याने एखादं दार उघडतं, हे मला पचायला वेळ लागला.

म्हणून मनमानी होती असंही नाही. जेवणाचे, बिछान्याचे, घोड्याच्या चाऱ्याचे दर कोर्ट ठरवून देई आणि ते सगळ्यांना दिसतील असे लावावे लागत. कोर्टाच्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसे. एकेका बिछान्यात दोन-दोन, तीन-तीन अनोळखी पुरुष. जॉर्ज वॉशिंग्टनच्या डायरीत मिसेस कॅम्पबेलकडे जेवल्याच्या नोंदी आहेत, हे ऐकून मी म्हणाले, "काय खमकी बाई हो!"

तुम्ही लगेच मान डोलावली नाहीत. त्याबद्दलच खरं तर हे पत्र. तुम्ही विचारलंत, "पण पाणी कोण भरत होतं?"

मग स्वयंपाकघर आलं. चुलीपुढे, धुण्यापाशी, तबेल्यात राबणारी गुलाम माणसं आली. आणि गोवन पॅम्फ्लेट आला. १७७२ मध्ये किंग्ज आर्म्स टॅव्हर्न उघडणाऱ्या जेन व्होबचा हा गुलाम. दिवसा तिच्या पाहुण्यांची उठबस करायची, आणि बंदी असतानाही आपल्या लोकांना जमवून प्रवचन द्यायचं. १७९३ मध्ये जेनच्या मुलाने त्याला मुक्त केलं. त्याच साली त्याच्या सुमारे पाचशे माणसांच्या मंडळीला बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाच्या संघटनेने सामावून घेतलं.

मला कर्तबगार विधवेची गोष्ट घेऊन घरी जायचं होतं, सोपी आणि गोड. तुम्ही ती तशी नेऊ दिली नाहीत, आणि क्रिस्टियानाला खलनायिका करूनही टाकलं नाहीत. प्रवासी बाईला खूश करून वाटेला लावणं किती सोपं होतं!

लेक गाडी घेऊन आली तेव्हा उठायला तुम्हीच हात दिलात. नॅसॉ स्ट्रीटवरची गोवनच्या मंडळीच्या चर्चची जागा पाहायची राहिली. गुडघ्याचं ऑपरेशन उरकलं की ऑक्टोबरात येते. या खेपेला चालत येईन.

तुमची,
बाकावरची बाई