डिलनच्या म्हातारपणाबद्दल काकांचे आभार

ती. काकांस, सा. न.

पत्र उघडंच लिहितोय. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही "बरं बरं, जेवलास का?" म्हणून विषय बदलता. इथे तुम्हाला मधे तोडता येणार नाही.

2003 साली मी कराडहून पुण्याला आलो, सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर. खालच्या दोन खोल्यांत तुम्ही. मी मराठी माध्यमातला. वर्गातली पोरं इंग्रजी गाण्यांवर बोलायला लागली की मान हलवायची, एवढंच जमायचं. तुमच्या दारातून रोज संध्याकाळी अमेरिकन गायक बॉब डिलनचा जो आवाज यायचा, तो मला घसा बसलेल्या एसटी कंडक्टरचा वाटायचा. एकदा तसं बोलूनही गेलो. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "ये, बस. कंडक्टर काय म्हणतोय ते बघू."

मग ती शंभरपानी वही आली. दोन ओळी वाजवायच्या, डेक थांबवायचा आणि "काय ऐकलंस?" ऐकू येईल ते मी देवनागरीत लिहायचो आणि तुम्ही बँकेतल्या जुन्या सवयीने लाल पेनाने टिका मारायचात. शब्द छापलेले कुठेतरी मिळाले असते, पण ते तुम्ही मला कधी दाखवले नाहीत. साडेसहा मिनिटांच्या 'नॉट डार्क येट'ला पाच संध्याकाळी गेल्या. 'हायलँड्स' तर साडेसोळा मिनिटांचं, त्याला पावसाळा लागला. त्यात बॉस्टनच्या हॉटेलात तो माणूस उकडलेली अंडी मागतो आणि वेट्रेसशी त्याची नुसती हुज्जत चालते. ती म्हणते, तुम्ही बायकांनी लिहिलेलं वाचत नाही. त्यावर तो एका लेखिकेचं नाव फेकतो, तिथे मी हसलो. कुणी न समजावता कळलेला माझा पहिला इंग्रजी विनोद. तुम्ही उठून चहा टाकलात.

कॉलेजातल्या तोंडी परीक्षेला मी नंतर घाबरलो नाही, त्याचं श्रेय त्या वहीला आहे. पण आभार त्याचे नाहीत, वाद घालायला शिकवलंत त्याचे.

शनिवारची बैठक आठवते ना? तुम्ही, तुमचे ते निवृत्त दोस्त, माझा रूम पार्टनर आणि मी. नियम तुमचा: 1997 च्या आधीचं गाणं काढायचं नाही. "साठच्या दशकावर सगळ्यांचं एकमत आहे, तिथे काय भांडायचं?" म्हणजे डिलनच्या त्या सालच्या 'टाइम आउट ऑफ माइंड' या अल्बमपासून पुढे. माझं गाणं ठरलेलं, 'नॉट डार्क येट'. तुमचं 'मिसिसिपी'. पार्टनर 'कोल्ड आयर्न्स बाउंड'साठी गळा काढायचा, कारण त्याला ग्रॅमी मिळालं होतं. बक्षिसावरून गाणं निवडणाऱ्याचं काय ऐकायचं! 'मेक यू फील माय लव्ह' कुणी काढलंच तर तुम्ही हात झटकायचात. "ते त्यानं दुसऱ्यांना गायला लिहिलंय." डिलनचा अल्बम यायच्या आधीच बिली जोएलने ते गाऊन टाकलं होतं आणि 2008 मध्ये अडेलने ते घरोघरी नेलं, तेव्हा तुमचंच खरं ठरलं म्हणायचं.

एकदा मी भावुक होऊन म्हणालो, 'नॉट डार्क येट' हे मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाचं गाणं आहे. तुम्ही शांतपणे तारखा मांडल्यात. रेकॉर्डिंग जानेवारी 1997 मध्ये मायामीला. हृदयाच्या आवरणाला सूज येऊन तो दवाखान्यात पडला मे महिन्यात. "मे महिन्याचं दुखणं जानेवारीच्या गाण्यात कसं शिरलं रे?" मी गप्प. गाणं मात्र सोडलं नाही.

तुमची बाजू तशी भक्कम होती. 'मिसिसिपी' त्याच रेकॉर्डिंगमधलं, पण निर्माता डॅनियल लॅन्वाशी काही जमलं नाही म्हणून बाजूला पडलेलं. 1998 मध्ये ते शेरिल क्रोने गायलं. आणि मग डिलनने स्वतःच्या बँडबरोबर, जॅक फ्रॉस्ट या टोपणनावाने स्वतःच निर्माता होऊन, 2001 च्या 'लव्ह अँड थेफ्ट'मध्ये ते मनासारखं केलं. तो अल्बम निघाला तो दिवसही 11 सप्टेंबर. त्यातल्या काही ओळी एका जपानी पुस्तकातून उचलल्याची बातमी मी आलो त्याच वर्षी आली होती. पार्टनर तावातावाने चोर, चोर करत होता. तुम्ही म्हणालात, "अरे, अल्बमच्या नावातच चोरी लिहिलीय. अजून काय कबुली पाहिजे?"

आवाज फुटलाय ही माझी तक्रार मात्र तुम्ही कधी उडवून लावली नाहीत. डिलनची सीडी काढून मल्लिकार्जुन मन्सूर लावलेत, उतारवयातले. "आवाज उतरला की गवई श्वास कुठे घेतो ते दिसायला लागतं," म्हणालात. त्या रात्री 'नॉट डार्क येट' परत लावलं आणि मी शब्द सोडून नुसते श्वास मोजले.

2008 मध्ये मी मुंबईत नोकरीला लागल्यावर तुमच्यासाठी काळा घोड्याच्या रिदम हाउसमधून 'टेल टेल साइन्स' आणलं, डिलनच्या बाजूला पडलेल्या रेकॉर्डिंगचा संच. दोन सीड्यांत दोन निराळ्या 'मिसिसिपी', दोन्ही त्याने आधी टाकून दिलेल्या. तिसरी महागड्या संचात होती, ती काही माझ्या पगारात बसली नाही. रिदम हाउस 2016 ला बंद झालं, तेव्हा तुमचा पहिला प्रश्न: "आणि आपली तिसरी?"

आणि 27 मार्च 2020. लॉकडाउनचा तिसरा दिवस. तुम्ही तोवर बेळगावला लेकीकडे गेला होतात. डिलनचं 'मर्डर मोस्ट फाउल' आलं, केनेडींच्या खुनावरचं, जवळपास सतरा मिनिटांचं. मी फोन स्पीकरजवळ धरला. शेवटी रेडिओवाल्याला गाण्यांच्या फर्माइशी सुरू झाल्या, त्या संपेचनात. मी विचारलं, याला गाणं म्हणायचं का? तुम्ही म्हणालात, "कीर्तन म्हण. आता नामावळी चाललीय."

काका, 2023 मध्ये 'टाइम आउट ऑफ माइंड'चं नवं मिक्स निघालंय. लॅन्वाने आवाजाभोवती पसरलेलं ते धुकं पुसून आवाज पुढे आणलाय. मला ते धुकं आवडायचं, पण या मिक्समध्ये तुम्ही दाखवलेले श्वास सगळे सापडले. आणि त्याच आठवड्यात 'मिसिसिपी' सलग सहा वेळा ऐकलं. माझ्या यादीत ते पाचवं होतं, आता दुसरं आहे. याहून वर ते जाणार नाही, आग्रह करू नये.

दिवाळीत बेळगावला येतोय. पेन ड्राइव्हवर सगळं घातलंय, ती तिसरी 'मिसिसिपी'सुद्धा. वही काढून ठेवा, लाल पेनासकट. डिलनचं 'की वेस्ट' हे गाणं अजून लिहायचं राहिलंय.

तुमचा,
वरच्या मजल्यावरचा