नहुषाची पालखी आणि आपले खांदे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी आमच्या गावात दरवर्षी अखंड हरिनाम सप्ताह बसतो. यंदा शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन सकाळी दहाला होतं. तालुक्यातले एक पदाधिकारी येणार असल्याचा निरोप आला आणि महाराजांना थांबवून ठेवलं गेलं. साडेबारा वाजले. मांडवाची सावली केव्हाच सरकली होती, टाळकरी उन्हात उभे होते. चैत्रातलं खान्देशचं ऊन काय असतं हे आपल्या वाचकांना सांगायला नको. सत्तरी ओलांडलेले आमचे मृदंगवाले बुवा चक्कर येऊन खाली बसले. मग गाड्या आल्या, हार झाले, अर्धा तास भाषण झालं. काल्याचं कीर्तन वीस मिनिटांत उरकलं आणि दहीहंडी घाईघाईत फुटली.

मला सर्वात जास्त लागलं ते हे, की आदल्याच रात्री त्याच मांडवात महाराजांनी महाभारतातलं नहुषाचं आख्यान लावलं होतं. सारं गाव डोलत होतं.

हे आख्यान मी शाळेत अनेक वर्षं मुलांना सांगितलं. उर्मट राजा, ऋषींचा शाप, राजाचा साप, इतकंच सांगत आलो. आता वाटतं, त्यातला महत्त्वाचा भाग मी गाळत होतो. नहुष दुष्ट नव्हता. पांडवांचा हा पूर्वज धर्माने राज्य करणारा म्हणून ओळखला जाई. वृत्राच्या वधानंतर इंद्र पापाच्या भयाने लपून बसला, स्वर्गाला राजा उरला नाही, तेव्हा देव आणि ऋषी आपण होऊन नहुषाकडे गेले. तो म्हणाला, मी दुर्बळ आहे, मला हे पेलणार नाही. त्यावर त्यांनी त्याला वर दिला: जो तुझ्या नजरेसमोर येईल, त्याचं तेज तुला मिळेल.

उद्योगपर्वातली ही जागा मी आता पुन्हा पुन्हा वाचतो. समोर येणाऱ्याचं तेज ओढून घेण्याची सोय त्याला निवडणाऱ्यांनीच करून दिली होती. मग त्याच्यासमोर मान वर करून बोलणारा कोण उरणार? आणि ज्याला कोणी 'नाही' म्हणत नाही, त्याला आपण कुठवर आलो हे कळणार तरी कसं? तोच नहुष पुढे इंद्राच्या बायकोची, शचीची मागणी करतो. देव त्याला समजवायला जातात तेव्हा तो उलट विचारतो, 'इंद्राने अहल्येशी अधर्म केला तेव्हा तुम्ही त्याला का अडवलं नाही?' संपादक महाशय, आधीच्याने केलं तेव्हा कुठे होतात, हा सवाल आपण प्रत्येक निवडणुकीत ऐकतो. तो किती जुना आहे बघा. आणि त्यापुढे देवही गप्प होतात! अडून राहतात ते एकटे बृहस्पती. माझ्या आश्रयाला आलेल्या बाईला मी सोडणार नाही, असं ते स्वच्छ सांगतात.

शेवटी लपलेल्या इंद्राच्या सांगण्यावरून शची युक्ती करते. ऋषींनी उचललेल्या वाहनातून माझ्याकडे या, म्हणते. नहुषाला त्यात वावगं काहीच दिसत नाही, उलट आनंद होतो. पालखी हळू चालली म्हणून तो 'सर्प, सर्प', म्हणजे चला, चला, असं ओरडतो आणि अगस्त्यांना लाथ मारतो, असं कीर्तनकार सांगतात. त्याच शब्दाचा शाप होतो आणि तो अजगर होऊन खाली पडतो. पुढे वनवासात भीमाला विळखा घालणारा अजगर तोच. युधिष्ठिराने त्याच्या प्रश्नांची उत्तरं दिल्यावर त्याची सुटका होते. शूर आणि शहाण्या माणसालाही ऐश्वर्याचा मद भुलवतो, हे तेव्हा तो स्वतःच कबूल करतो.

मला मात्र त्या ऋषींचं वाईट वाटतं. एवढे तपस्वी, आणि पालखीला खांदा दिला. पहिल्या पावलालाच कोणी खाली ठेवली असती तर?

आपल्या खान्देशात तापी-पूर्णेच्या संगमावर चांगदेवांचं मंदिर आहे. चौदाशे वर्षं जगलेले, सिद्धी मिळवलेले योगी अशी त्यांची ख्याती. ज्ञानेश्वर वयाने लहान, मग पत्रात आशीर्वाद लिहावा की नमस्कार, हे ठरेना म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला. इतकी वर्षं जगून हा कोराच राहिला, असं मुक्ताबाई म्हणाल्याची कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्यांचं उत्तर धाडलं. चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन भेटीला निघाले, आणि चालत्या भिंतीवर बसलेली भावंडं बघून वाघावरून उतरले. पुढे त्यांनी त्या लहानग्या मुलीला गुरू केलं. उतरायला जागा नहुषालाही होती.

त्याच मुक्ताईची पालखी दरवर्षी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते. मी तिला खांदा दिला आहे. महिनाभराची वाट, पायाला फोड येतात, पण तिचं ओझं कोणाला वाटत नाही, कारण आत पादुका असतात आणि त्या कोणावर ओरडत नाहीत. त्याच खांद्यांनी आम्ही त्या दिवशी दुसरी पालखी उचलली. निरोप आल्यावर 'कीर्तन थांबवायचं नाही' एवढं एकाने म्हणायला हवं होतं. मीही म्हणालो नाही, आणि ते मला अजून सलतं. नंतर पंक्तीत शेजारच्या म्हातारीला विचारलं, तर ती हळूच म्हणाली, "मास्तर, उद्या काम पडनं ते त्यासनाकडेच जानं शे ना." दाखला, पीककर्ज, घरकुलाची यादी, सगळ्याची किल्ली एका माणसाच्या खिशात आहे असं तिला वाटतं. तिचं तेज असंच ओढून घेतलं गेलं आहे. तिला मी काय दोष देऊ?

पंचमंडळींना मी लेखी अर्ज दिला आहे. पुढच्या वर्षी काल्याचं कीर्तन पत्रिकेत छापलेल्या वेळेला सुरू व्हावं. जो उशिरा येईल, त्याने चपला बाहेर काढून मागे सतरंजीवर जागा मिळेल तिथे बसावं. हार-भाषण असेलच तर महाप्रसादानंतर. अर्जावर माझ्याखाली सही आहे ती मृदंगवाल्या बुवांची. आणखी सह्यांसाठी जागा ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
जि. जळगाव